युद्धनौकेवरील विमानवेधी क्षेपणास्त्रे: शेवटच्या टप्प्यात डोळे कोणाचे असावेत, जहाजाचे की क्षेपणास्त्राचे?

निरीक्षक

नव्या विनाशिका आणि फ्रिगेट यांची छायाचित्रे जुन्या जहाजांच्या छायाचित्रांशेजारी ठेवली, तर एक फरक लगेच नजरेत भरतो. तलवार वर्गाच्या फ्रिगेटवर श्टिल क्षेपणास्त्रांसाठी चार लहान प्रदीपक रडारे (लक्ष्यावर रडारचा उजेड टाकणारी) बसवलेली दिसतात, तर अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकांवर एसपीजी-62 जातीच्या तीन थाळ्या दिसतात. याउलट 2014 मध्ये दाखल झालेल्या आयएनएस कोलकातावर किंवा ब्रिटिश नौदलाच्या टाइप 45 विनाशिकांवर असे एकही प्रदीपक रडार नाही, कारण बराक-8 आणि ॲस्टर या क्षेपणास्त्रांच्या नाकातच स्वतःचे रडार असते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर्वांत जुनी पद्धत आज्ञेची: जहाज लक्ष्य आणि क्षेपणास्त्र या दोघांवर नजर ठेवते आणि ‘डावीकडे वळ, वर जा’ असे रेडिओने कळवत राहते. दुसऱ्या पद्धतीत जहाज लक्ष्यावर रडारचा झोत रोखते आणि क्षेपणास्त्र त्या झोताच्या आतच राहून पुढे सरकते. हिला बीम रायडिंग म्हणतात. तिसरी अर्धसक्रिय: जहाजावरील प्रदीपक रडार लक्ष्य उजळवते आणि क्षेपणास्त्रातील सीकर (नाकातला लक्ष्यशोधक) केवळ परावर्तित लहरी टिपत तिकडे झेपावतो. चौथी पूर्ण सक्रिय, म्हणजे प्रक्षेपक आणि ग्राहक हे दोन्ही क्षेपणास्त्रातच असतात.

माझे मत असे, की चौथ्या पद्धतीने उरलेल्या तिन्ही पद्धती निकालात काढल्या आहेत. एकाच वेळी आठ-दहा क्षेपणास्त्रे चाल करून आली, तर तीन-चार प्रदीपक किती पुरे पडणार? आजही प्रदीपकांवर विसंबून जहाज बांधणे म्हणजे जुन्याच मर्यादा नव्याने विकत घेणे नव्हे काय? जाणकारांची मते वाचायला आवडतील.

मितभाषी

वाचनखूण साठवली आहे. मतभेदांची वाट पाहत आहे.

इतिहासवेडा

‘निकालात काढल्या’ हा शब्दप्रयोग जरा घाईचा वाटतो, पण आधी इतिहास मांडतो, कारण प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीच्या नेमक्या कोणत्या दुखण्यातून जन्मली हे त्यावरून कळते.

सप्टेंबर 1943 मध्ये जर्मनांनी फ्रिट्झ-एक्स या नियंत्रित बाँबने इटलीची रोमा ही युद्धनौका बुडवली. त्यानंतर साधारण वर्षभराने जपानी वैमानिकांचे कामिकाझे (आत्मघाती) हल्ले सुरू झाले आणि तोफांनी विमान पाडण्याचे दिवस भरत आले आहेत हे अमेरिकी नौदलाला उमगले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत चाललेल्या बंबलबी प्रकल्पातून पुढे टेरियर आणि टालोस ही क्षेपणास्त्रे आली. टेरियर 1955 मध्ये यूएसएस बोस्टन या क्रूझरवर बसले. सुरुवातीची टेरियर क्षेपणास्त्रे झोतावर स्वार होऊन जात असत. या पद्धतीतील अडचण साध्या भूमितीची आहे: झोत अंतराबरोबर रुंदावतो आणि त्यातील क्षेपणास्त्राची चूकही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून नंतरच्या टेरियरना अर्धसक्रिय सीकर मिळाला. टालोसमध्ये दोन्हींचा मिलाफ होता, म्हणजे वाटचाल झोतावर आणि अखेरची झेप अर्धसक्रिय सीकरने. 1968 मध्ये यूएसएस लाँग बीचने व्हिएतनामच्या आकाशात टालोसने मिग विमाने पाडली, तीही शंभर किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून. त्या काळाच्या मानाने ही थक्क करणारी कामगिरी होती.

अवांतर: टेरियरची एक आवृत्ती मात्र शेवटपर्यंत झोतावरच चालत राहिली. तिच्यात अण्वस्त्र होते.

शंकासुर

अण्वस्त्र असल्यावर नेमबाजीचा आग्रह धरणारे आपण कोण!

त्रिज्या

चूक अंतराबरोबर वाढते, हे आकड्यांत पाहिले तर अधिक स्पष्ट होईल. जहाजावरील रडार लक्ष्याची दिशा एक मिलिरेडियनच्या (हजार मीटरवर एक मीटर) अचूकतेने मोजते असे धरू. पाच किलोमीटरवर ही चूक पाच मीटरची होते, वीस किलोमीटरवर वीस मीटरची आणि ऐंशी किलोमीटरवर ऐंशी मीटरची. लहान क्षेपणास्त्राचे स्फोटक शीर्ष फार तर काही मीटरच्या परिघात परिणामकारक असते. म्हणजेच आज्ञा-पद्धत पाच किलोमीटरवर उत्तम, वीस किलोमीटरवर डळमळीत आणि ऐंशीवर निरुपयोगी ठरते. सीकरचे नेमके उलटे असते. तो लक्ष्याच्या जितका जवळ जातो तितकी त्याची चूक मीटरमध्ये कमी होत जाते, कारण मोजमाप करणारे उपकरणच लक्ष्याकडे धावत असते.

म्हणून निरीक्षक यांच्या प्रश्नात एक दुरुस्ती सुचवते. ‘कोणती पद्धत श्रेष्ठ’ असे न विचारता ‘किती अंतरावर आणि कोणाच्या रक्षणासाठी’ असे विचारले, तर उत्तरे वेगवेगळी येतील.

वायुवेग

त्रिज्या यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. समुद्राला चिकटून येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत अंतर निवडण्याची मुभाच नसते. रडार क्षितिजाचे ढोबळ सूत्र असे: रडारची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घेऊन दोन्हींच्या वर्गमुळांची बेरीज करावी आणि तिला 4.12 ने गुणावे; उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. पंचवीस मीटर उंचीवरचे रडार आणि पाच मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र घेतले, तर उत्तर तीस किलोमीटरच्या किंचित खाली येते. एक्झोसेटसारखे सेकंदाला सुमारे तीनशे मीटर वेगाने येणारे क्षेपणास्त्र असेल, तर शंभर सेकंद मिळतात. तेच स्वनातीत, सेकंदाला नऊशे मीटर वेगाचे असेल, तर तेहतीस. या तेहतीस सेकंदांतच ते दिसायचे, ते शत्रूचेच आहे हे ठरायचे, आपले क्षेपणास्त्र नळीबाहेर पडायचे आणि पहिला नेम चुकलाच तर दुसरा साधायचा.

अशा प्रसंगी ‘ऐंशी किलोमीटरचा पल्ला’ हे जाहिरातीतले वाक्य ठरते.

दर्यावर्दी

माझी नोकरी अग्निनियंत्रण रडारांच्या देखभालीत गेली, त्यामुळे वरील शंभर सेकंदांत पडद्यावर काय दिसते ते थोडे जवळून सांगतो.

लक्ष्य पाण्यापासून पाच-सात मीटरवर आले, की रडारला दोन लक्ष्ये भासू लागतात. एक खरे आणि दुसरे पाण्याच्या पृष्ठभागाखाली, आरशातल्यासारखे, कारण काही लहरी लक्ष्यावरून आधी पाण्यावर आपटतात आणि मग रडारकडे येतात. आडव्या दिशेतील वेध स्थिर असतो. उभ्या दिशेतील आकडा मात्र नाचू लागतो. थाळी क्षणात वर पाहते, क्षणात पाण्यात पाहते, आणि तिचे हे डोके हलवणे डेकवरून नुसत्या डोळ्यांनीही दिसते. समुद्र शांत असेल तर हा त्रास अधिक होतो, कारण शांत पाणी चांगले परावर्तन करते. नवख्या माणसाला हे उलटे वाटते. खवळलेल्या समुद्रात वेध अवघड जाईल अशी त्याची अपेक्षा असते.

आज्ञा-पद्धतीत या नाचणाऱ्या आकड्यावरूनच क्षेपणास्त्राला हुकूम जातात. म्हणूनच ब्रिटिशांच्या सी वुल्फ प्रणालीत खालून येणाऱ्या लक्ष्यांसाठी रडारच्या जोडीला टीव्ही कॅमेऱ्याने वेध घेण्याची सोय होती. कॅमेऱ्याला हे प्रतिबिंब फसवत नाही, पण धुके आणि पाऊस फसवतात.

सीकर असलेले क्षेपणास्त्र वरून खाली झेपावत आले, तर हा त्रास बराच कमी होतो, कारण खऱ्या लक्ष्याची आणि प्रतिबिंबाची दिशा एकमेकांपासून स्पष्ट वेगळी होते. सक्रिय सीकरच्या बाजूने मांडायचा सर्वांत भक्कम मुद्दा माझ्या मते हा आहे. ‘अनेक लक्ष्ये एकाच वेळी’ हा मुद्दा मी त्याच्या नंतर ठेवीन.

अ-तज्ज्ञ

एक बाळबोध प्रश्न. अर्धसक्रिय पद्धत म्हणजे कोणीतरी अंधारात बॅटरीचा झोत चोरावर धरला आहे आणि दुसरा त्याच्यामागे धावत आहे, असे समजले तर चालेल का? आणि सक्रिय म्हणजे धावणाऱ्याच्याच हातात बॅटरी?

त्रिज्या

चालेल, फक्त दोन्ही बॅटऱ्यांच्या आकारातला फरक ध्यानात ठेवावा. झोताची अंशांतील रुंदी ढोबळमानाने तरंगलांबीला अँटेनाच्या व्यासाने भागून सत्तरने गुणले की मिळते. तीन सेंटिमीटर तरंगलांबीवर जहाजावरील सव्वादोन मीटरच्या थाळीचा झोत एक अंशाहूनही अरुंद असतो. वीस सेंटिमीटरच्या सीकरचा झोत दहा अंशांच्या घरात जातो. शिवाय जहाजावर वीजनिर्मितीची चिंता नसते, तर क्षेपणास्त्रातल्या बॅटरीला काही मिनिटेच तग धरायची असली तरी जागा अगदी तोकडी असते. त्यातच परावर्तित होऊन परत येणारी ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताने घटते. म्हणून सक्रिय सीकर लांबून काहीच पाहू शकत नाही. लक्ष्याच्या बऱ्यापैकी जवळ कोणीतरी त्याला नेऊन सोडावे लागते आणि ते काम पुन्हा जहाजाच्याच रडारला करावे लागते.

शंकासुर

म्हणजे ‘डागा आणि विसरा’ म्हणतात ते खरे नव्हे तर. ‘डागा, बराच वेळ लक्षात ठेवा आणि मग विसरा’ असे म्हणायला हवे.

वायुवेग

शंकासुर यांनी गमतीत म्हटले असले, तरी सगळी मेख तिथेच आहे. मधल्या टप्प्यात क्षेपणास्त्र स्वतःच्या जडत्वीय प्रणालीवर (स्वतःच्या हालचाली मोजून जागा ठरवणाऱ्या) चालते आणि जहाज त्याला डेटालिंकवरून (रेडिओ-दुव्यावरून) लक्ष्याची ताजी जागा कळवत राहते. ही जागा किती ताजी आहे यावर सगळे अवलंबून असते. गोल फिरणारे रडार दर चार सेकंदांनी एकदा लक्ष्याकडे पाहते असे समजू. त्या चार सेकंदांत लक्ष्याने दहा-जीचे (गुरुत्वाकर्षणाच्या दहा पट त्वरणाचे) वळण घेतले, तर ते अपेक्षित जागेपासून सुमारे आठशे मीटर बाजूला गेलेले असेल. आता त्रिज्या यांचा दहा अंशांचा झोत घ्या. दहा किलोमीटरवर तो मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेनऊशे मीटर व्यापतो. म्हणजे सीकरने डोळे उघडले तेव्हा लक्ष्य झोताच्या अगदी काठावर सापडणार, आणि त्यात डेटालिंकचा थोडा विलंब मिळवला तर सापडणारही नाही.

म्हणून सक्रिय सीकर घेतला, की त्याच्या मागोमाग चारही बाजूंना स्थिर पट्टे असलेले, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झोत वळवणारे रडार घेण्याची निकड निर्माण होते. कोलकातावरील एमएफ-स्टार तसेच आहे. प्रदीपकांवरचा खर्च वाचला, पण तो मुख्य रडारवर आणि प्रत्येक क्षेपणास्त्राच्या नाकावर गेला.

निरीक्षक

वरील सर्व प्रतिसादांबद्दल आभार. दर्यावर्दी आणि वायुवेग यांचे मुद्दे मान्य आहेत, तरी माझी मूळ शंका अजून कायम आहे. मुख्य रडारवर खर्च करायचाच असेल, तर प्रदीपकांची अडचण उरते कुठे? आणि प्रदीपक ठेवून त्या अडचणीवर मात केलेले एकही उदाहरण कोणी दिलेले नाही.

इतिहासवेडा

उदाहरणे दोन देतो. पहिले अमेरिकी नौदलाच्या एजिस या हवाई संरक्षण प्रणालीचे. एसएम-1 या क्षेपणास्त्राला डागल्यापासून आदळेपर्यंत प्रदीपकाचा उजेड लागत असे, त्यामुळे प्रदीपक जितके, तितकीच एका वेळी लक्ष्ये. एसएम-2 मध्ये वाटचाल जडत्वीय प्रणालीवर आणि डेटालिंकवर सोपवली गेली, त्यामुळे प्रदीपक केवळ शेवटच्या काही सेकंदांपुरता लागू लागला. 1983 मध्ये दाखल झालेल्या यूएसएस टिकॉन्डेरोगावर चार प्रदीपक होते. संगणक त्यांचे वेळापत्रक आखतो आणि हवेत त्याहून कितीतरी अधिक क्षेपणास्त्रे असू शकतात.

दुसरे उदाहरण डच आणि जर्मन नौदलांचे. डी झेव्हन प्रोव्हिन्सिएन आणि झाक्सेन वर्गाच्या फ्रिगेटवरील एपार या रडारला चार स्थिर पट्टे आहेत आणि ते स्वतःच प्रदीपकाचे काम करते. एकाच लक्ष्यावर अखंड उजेड न धरता ते अनेक लक्ष्यांवर आळीपाळीने क्षणभर झोत टाकते आणि सीकर तेवढ्या तुटक उजेडावर भागवतो. थाळ्या नाहीत, तरीही क्षेपणास्त्र अर्धसक्रियच. म्हणजे निरीक्षक यांनी मांडलेली मर्यादा प्रदीपनाची नसून फिरत्या थाळ्यांच्या संख्येची होती.

मितभाषी

+१. इथे धागा बदलला.

दर्यावर्दी

इतिहासवेडा यांनी सांगितलेले वेळापत्रक कागदावर फार सुबक दिसते. सर्व लक्ष्ये एकाच दिशेने आणि एकाच वेळी क्षितिजावर आली, की शेवटचे काही सेकंद सर्वांचेच एकदम येतात. त्यातच थाळीला एका दिशेकडून दुसरीकडे वळून स्थिर व्हायला वेळ लागतो आणि डोलकाठी, धुराडे यांच्या आड काही कोन झाकले जातात. सोव्हिएत काळात बांधलेल्या स्लावा वर्गाच्या क्रूझरवर एस-300 या विमानवेधी क्षेपणास्त्राच्या नौदलीय आवृत्तीसाठी मार्गदर्शन रडार एकच आहे आणि तेही मागच्या भागात. चौसष्ट मोठी क्षेपणास्त्रे आणि डोळा एक! आराखडा काढणाऱ्यांनी हे न समजून केले असेल असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कल्पनेतला शत्रू दुरून आणि एका दिशेने येणारा होता. याच वर्गाची मॉस्क्वा 2022 मध्ये बुडाली तेव्हा तो डोळा कुठे पाहत होता, यावर मात्र मी बोलणार नाही. त्याविषयी खात्रीचे फारच थोडे बाहेर आले आहे.

त्रिज्या

फॉकलंडचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या 1982 च्या त्या युद्धात ब्रिटिश नौदलाकडे जवळजवळ प्रत्येक पद्धतीचे एकेक क्षेपणास्त्र होते: हाताने दांडी हलवून चालवायचे सी कॅट, झोतावर स्वार होणारे सी स्लग, दृष्टिरेषेवरील आज्ञेचे सी वुल्फ आणि अर्धसक्रिय सी डार्ट.

इतिहासवेडा

लिहीतच होतो. 25 मेचा प्रसंग या धाग्यासाठी सर्वांत उपयोगी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

टाइप 42 वर्गाची विनाशिका कॉव्हेन्ट्री आणि टाइप 22 वर्गाची फ्रिगेट ब्रॉडस्वर्ड यांची जोडी पेबल बेटाच्या उत्तरेला उभी होती. कल्पना अशी, की कॉव्हेन्ट्रीने सी डार्टने दूरची आणि उंचावरची विमाने पाडावीत आणि खालून निसटून आलेल्यांना ब्रॉडस्वर्डच्या सी वुल्फने जवळून टिपावे. अर्जेंटिनाची स्कायहॉक विमाने जमिनीच्या आडोशाने अगदी खालून आली. पहिल्या जोडीच्या वेळी सी वुल्फचा वेध लागलाच नाही. एक बाँब पाण्यावरून उसळी घेऊन ब्रॉडस्वर्डच्या मागच्या भागातून आरपार गेला आणि न फुटता बाहेर पडला. दुसरी जोडी कॉव्हेन्ट्रीवर चालून आली. या वेळी सी वुल्फने वेध घेतला होता, पण कॉव्हेन्ट्री बचावासाठी वळली ती नेमकी ब्रॉडस्वर्ड आणि विमाने यांच्या मधल्या रेषेत. क्षेपणास्त्र डागता आले नाही. कॉव्हेन्ट्रीवर तीन बाँब आदळले, ती थोड्याच वेळात उलटली आणि 19 जण प्राणास मुकले.

त्याआधी 12 मे रोजी याच सी वुल्फने ब्रिलियंट या फ्रिगेटवरून पहिल्या लाटेतली दोन स्कायहॉक पाडली होती आणि तिसरे चुकवण्याच्या नादात समुद्रात कोसळले. दुसऱ्या लाटेच्या वेळी तीच प्रणाली ऐनवेळी बंद पडली आणि ग्लासगो या विनाशिकेवर बाँब पडला. चाचण्यांत तोफेचा 114 मिलिमीटरचा गोळा हवेत टिपून दाखवणारी प्रणाली ती हीच.

वायुवेग

या प्रसंगातून आज्ञा-पद्धतीचा एक अंगभूत गुण-दोष दिसतो. दृष्टिरेषेवरील मार्गदर्शनात जहाज, क्षेपणास्त्र आणि लक्ष्य हे तिघे सतत एका रेषेत राहावे लागतात. लक्ष्य सरळ आपल्याच अंगावर येत असेल, तर ही रेषा जवळजवळ स्थिर राहते आणि क्षेपणास्त्राला फारसे वळावे लागत नाही. लक्ष्य शेजारच्या जहाजाकडे जात असेल, तर रेषा झपाट्याने फिरते. तिच्यावर टिकून राहण्यासाठी क्षेपणास्त्राला मोठी वळणे घ्यावी लागतात आणि वेग खर्ची पडतो. स्वतःच्या बचावासाठी ही पद्धत चोख आहे. शेजाऱ्याच्या बचावासाठी ती मुळात घडवलेलीच नाही.

सीकर असलेली क्षेपणास्त्रे वेगळ्या नियमाने चालतात. लक्ष्याकडे जाणारी दिशारेषा फिरू लागली, की त्या फिरण्याच्या वेगाच्या काही पटीने स्वतः वळायचे, म्हणजे अखेरीस रेषा फिरेनाशी होते. दर्यावर्दींना हे वेगळे सांगायला नको: समोरच्या जहाजाचे बेअरिंग स्थिर आणि अंतर घटते असेल तर टक्कर अटळ, हा खलाशांचा जुना नियमच इथे मुद्दाम साधला जातो. अमेरिकी नौदलाच्या लार्क या प्रायोगिक क्षेपणास्त्रावर त्याची आरंभीची चाचणी झाली होती.

दर्यावर्दी

ज्या गोष्टीला टाळायला आयुष्यभर शिकलो, तीच क्षेपणास्त्राला शिकवतात. असो.

वायुवेग यांच्या विवेचनात आज्ञा-पद्धतीची एक जमेची बाजू राहिली. क्षेपणास्त्राचा ग्राहक मागे, म्हणजे आपल्याच जहाजाकडे तोंड करून असतो. त्याला गोंधळात पाडायचे तर शत्रूला आपल्या बाजूने आवाज करावा लागेल, जे त्याला सहसा साधत नाही. सीकरचे तोंड शत्रूकडे असते, त्यामुळे जॅमर, धातूच्या पट्ट्यांचे ढग, फसवी लक्ष्ये हे सर्व थेट त्याच्या डोळ्यांत जाते. अर्थात जॅमरलाच लक्ष्य मानून त्याच्यावर झेपावण्याची सोय अनेक सीकरमध्ये असते, म्हणजे आरडाओरडा करणाऱ्यालाही स्वस्थता नाही.

जहाजावरचे रडार बदलता येते, त्याची शक्ती वाढवता येते आणि त्यामागे एक माणूस बसलेला असतो, जो शेवटच्या सेकंदापर्यंत ‘हे नको, ते घे’ म्हणू शकतो. सीकरने एकदा स्वतःचे लक्ष्य निवडले, की तो त्याचा निर्णय असतो.

अ-तज्ज्ञ

म्हणजे प्रवासी विमानाच्या बाबतीत घडले तसे? 1988 मध्ये यूएसएस व्हिन्सेन्सने इराणचे विमान पाडले होते.

त्रिज्या

नाही, तो प्रसंग इथे लागू पडत नाही. 3 जुलै 1988 रोजी व्हिन्सेन्सने डागलेली क्षेपणास्त्रे अर्धसक्रिय एसएम-2 होती. उजेड जहाजाचा होता आणि निर्णयही जहाजावरच्या माणसांचा होता. 290 जण मेले ते ओळख चुकल्यामुळे. फॉकलंडमध्येही कार्डिफ या ब्रिटिश विनाशिकेने आपल्याच सैन्याचे गॅझेल हेलिकॉप्टर सी डार्टने पाडले, तेव्हा मार्गदर्शन अचूकच झाले होते. दर्यावर्दी म्हणतात तसा माणूस साखळीत असल्याने दुरुस्तीची संधी राहते, पण त्याच माणसाची समजूत चुकीची असेल तर ती संधी वापरलीच जात नाही.

शंकासुर

आणि माणसाने यंत्र चालूच केले नसेल तर? 2006 मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ इस्रायलच्या हनित या कॉर्व्हेटवर जहाजविरोधी क्षेपणास्त्र आदळले. जहाजावर बचावासाठी बराक-1 क्षेपणास्त्रे होती, पण प्रणाली सज्ज अवस्थेत नव्हती. मार्गदर्शनाची ही पाचवी पद्धत म्हणावी: नशिबावर भरवसा.

निरीक्षक

शंकासुर, चार खलाशी गेले होते त्यात. पण मुद्दा पोहोचला.

आता माझा प्रश्न त्रिज्या यांनी सुचवल्याप्रमाणे नेमका करतो. समजा, एक लहान जहाज आहे, हजार-दीड हजार टनांचे कॉर्व्हेट. त्यावर मोठे स्थिर पट्ट्यांचे रडार बसवण्याची सोय नाही. त्याला केवळ स्वतःचा बचाव करायचा आहे. आपण कोणती पद्धत निवडाल?

वायुवेग

सक्रिय सीकर, पण लहान क्षेपणास्त्रात. ब्रिटिशांचे सी सेप्टर याच विचाराने बनलेले आहे: सी वुल्फच्या जागी आलेले हे क्षेपणास्त्र स्वतःच्या सीकरवर चालते, त्याला खास मार्गदर्शन रडार लागत नाही, आणि जहाजाच्या साध्या फिरत्या रडारकडून आलेली माहिती डेटालिंकवरून मिळाली की भागते. अंतर कमी असल्यामुळे मी वर दिलेला आठशे मीटरचा हिशेबही इतका जाचक राहत नाही. क्षेपणास्त्र थोडाच वेळ हवेत असते आणि सीकर लवकर डोळे उघडतो.

दर्यावर्दी

मी रॅमसारखे निष्क्रिय क्षेपणास्त्र निवडीन. ते स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. आधी येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या रडारच्या लहरींचा माग काढते आणि शेवटी त्याच्या उष्णतेवर झेपावते. जहाजाला फक्त साधारण दिशा द्यावी लागते, म्हणजे एकामागून एक कितीही डागावीत, कोणाची वाट पाहायला नको. येणाऱ्याने रडार बंद ठेवले तर निव्वळ उष्णतेवर जाणाऱ्या आवृत्त्याही आहेत. दाट धुके आणि मुसळधार पाऊस यांत अवरक्त सीकरची पंचाईत होते, हे मान्य. पल्ला दहा किलोमीटरच्या आसपास, पण वायुवेग यांच्या तेहतीस सेकंदांत याहून फार लांब पोहोचायला वेळ तरी कुठे असतो?

त्रिज्या

मी या दोघांशीही असहमत आहे, कारण दोघांनीही साठ्याचा विचार केलेला नाही. येमेनच्या हूथी बंडखोरांनी 2023 पासून तांबड्या समुद्रात ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडायला सुरुवात केल्यावर यूएसएस कार्नीसारख्या विनाशिकांना वारंवार मारा करावा लागला. एका एसएम-6 क्षेपणास्त्राची किंमत चाळीस लाख डॉलरच्या घरात जाते आणि समोरचे ड्रोन तिच्या पासंगालाही पुरत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या रिकाम्या झाल्या तर जहाजाला बंदरात परतावे लागते. भर समुद्रात त्या भरणे अजून प्रयोगांच्याच टप्प्यात आहे.

सीकर हा क्षेपणास्त्रातला सर्वांत महाग भाग असतो आणि तो दर वेळी नष्ट होतो. आज्ञा-पद्धतीत तो खर्च जहाजावरच राहतो. लहान आणि स्वस्त क्षेपणास्त्रे भरपूर नेता येतात. माझ्या कॉर्व्हेटवर मी हळू चालणाऱ्या ड्रोनसाठी दृष्टिरेषेवरील आज्ञेची किंवा लेसर झोतावर चालणारी स्वस्त क्षेपणास्त्रे ठेवीन, आणि वेगवान क्षेपणास्त्रांसाठी थोडी सक्रिय. ज्या बीम रायडिंगला इतिहासवेडा यांनी वरच निरोप दिला, ती लेसरच्या रूपाने अजून कामावर आहे, कारण लेसरचा झोत कित्येक पटींनी अरुंद ठेवता येतो आणि पाच-सात किलोमीटरच्या आत तिची जुनी खोड फारशी जाचत नाही.

इतिहासवेडा

निरोप दिला नव्हता, बढती दिली होती! पण त्रिज्या यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. जानेवारी 2024 मध्ये यूएसएस ग्रेव्हलीला तांबड्या समुद्रात एक क्षेपणास्त्र जवळ पोहोचल्यावर फॅलँक्स तोफेने पाडावे लागले. इतकी थरांची व्यवस्था असूनही शेवटी वीस मिलिमीटरच्या तोफेवर वेळ आली.

वायुवेग

त्रिज्या, दोन प्रकारची क्षेपणास्त्रे म्हणजे दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रशिक्षणे आणि हजार टनांच्या जहाजात दोन वेगळे वजनांचे हिशेब. लेसर झोत एका वेळी एकाच लक्ष्यावर धरता येतो, म्हणजे निरीक्षक यांची पहिल्या प्रतिसादातली तक्रार मागच्या दाराने परत आलीच. ड्रोन आठ आले तर?

त्रिज्या

आठ ड्रोन ताशी दोनशे किलोमीटरने आले, तर शेवटचे सहा किलोमीटर कापायला त्यांना सुमारे एकशे आठ सेकंद लागतात. स्वनातीत, सेकंदाला सहाशे मीटरच्या लहान क्षेपणास्त्राला सहा किलोमीटरसाठी दहा सेकंद आणि लक्ष्य जवळ येत जाईल तसे त्याहून कमी. एकामागून एक आठ वेध त्या वेळात बसतात, जरी एकदा-दोनदा नेम चुकला तरी. आठ स्वनातीत क्षेपणास्त्रे आली तर बसणार नाहीत, आणि त्यासाठीच ती थोडी सक्रिय ठेवली आहेत.

दर्यावर्दी

हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात एक लक्ष्य सोडून दुसऱ्याचा वेध घेऊन स्थिर होण्याचा वेळ धरलेला नाही. प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद धरा आणि लक्ष्य पडले की नाही हे पाहायला आणखी दोन. मग एक-दोन नेम चुकले तर आठऐवजी सहाच्या आसपास आकडा येईल. उरलेल्या दोघांसाठी तोफ हवी, आणि तिचा दारूगोळा ठेवायची जागा वायुवेग यांच्या वजनाच्या हिशेबातून काढावी लागेल.